विणकराच्या दगडी घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एवढ्या खिडक्या कशासाठी असतात?

उंबरठा:

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात, हडर्सफील्डजवळ राहतो. मागच्या वर्षी आम्ही कोल्न नदीच्या खोऱ्यात, डोंगरउतारावरच्या एका ओळीतले टोकाचे घर विकत घेतले. कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'विणकराचे घर, साधारण १८०० च्या सुमाराचे' एवढाच आहे आणि शेजारच्या वयस्कर गृहस्थांनाही त्यापलीकडे फारसे सांगता आले नाही. त्यात राहू लागल्यापासून मला सतत जाणवते की या घरातली एकेक गोष्ट कोणीतरी विचार करून केलेली आहे, आणि तो विचार समजून न घेता दुरुस्तीला हात घातला तर आपल्या हातून काहीतरी कायमचे बिघडेल.

घर तीन मजली आणि अरुंद आहे. तळमजल्यावर मोठ्या दगडी फरशा आहेत आणि मागची भिंत जवळजवळ पूर्ण डोंगरात गेलेली आहे. मधल्या मजल्यावर पुढच्या बाजूला दोनच खिडक्या आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांची सलग रांग आहे. मोजल्यास आठ कप्पे भरतात आणि दोन कप्प्यांच्या मध्ये दगडाची उभी पट्टी आहे. त्यांपैकी मधल्या दोन पट्ट्या पूर्वी कोणीतरी काढून तिथे एकच मोठी काच बसवली आहे, आणि नेमक्या त्याच काचेवरच्या दगडी तुळईला आता बारीक तडा गेलेला दिसतो. सामान्यतः घराची उत्तम खोली खाली असते आणि वर माळा असतो. इथे सगळा उजेड माळ्याला दिलेला आहे, तो का?

दुसरे असे की टोकाच्या, त्रिकोणी माथ्याच्या भिंतीत वरच्या मजल्याच्या उंचीवर एक दार होते. ते आता दगडांनी बुजवलेले आहे, पण चौकट स्पष्ट दिसते. त्याच्या खाली पायरी नाही, सज्जा नाही, काहीच नाही.

तिसरे, पुढच्या भिंतीवरून हात वरून खाली फिरवला तर प्रत्येक दगडाची वरची कड बोटांना लागते. माझी आई पुण्याहून आली होती, तिने एकदा असाच हात फिरवला आणि म्हणाली की हा दगड तर नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा लागतो. भिंत आतून ओळंब्यात आहे, बाहेरून मात्र करवतीसारखी. शिवाय मधूनमधून काही दगड भिंतीच्या पुढे दोन-तीन बोटे डोकावतात. एका स्थानिक गवंड्याने ते कापून सपाट करू असे सुचवले, तेव्हा मी थांबलो.

आणि शेवटचे म्हणजे ओल. तळमजल्याच्या मागच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा आहे आणि तो दर हिवाळ्यानंतर फुगतो. घर घेण्यापूर्वी तपासणीला आलेल्या तज्ज्ञाने भिंतीत भोके पाडून रसायन भरावे असे लिहून दिले आहे. या विषयाचे जाणकार इथे असतील तर कृपया सविस्तर लिहावे.

चुनखडी:

तुम्ही थांबलात हे फार चांगले केलेत. ते डोकावणारे दगड कृपया कोणालाही कापू देऊ नका. कारण पुढे सांगतो.

मी पुण्यात वास्तुरचना शिकलो आणि गेली बरीच वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचे काम करतो. तुमच्या घराचे वर्णन वाचताना ते डोळ्यांसमोर उभे राहिले, कारण पेनाईन डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, हॅलिफॅक्सपासून हडर्सफील्डपर्यंत, या घडणीची घरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या संख्येने बांधली गेली. गोल्करमध्ये अशीच विणकरांची घरे जोडून कोल्न व्हॅली संग्रहालय १९७० सालापासून चालवले जाते. ते एकदा पाहून या, म्हणजे माझे पुढचे लिहिणे निम्मे अनावश्यक ठरेल.

वरचा मजला माळा नव्हता. ती कामाची जागा होती. तळमजल्यावर चूल आणि रोजचे राहणे, मध्ये झोपणे आणि काही वेळा सूतकताई, आणि सर्वांत वर माग, अशी साधारण मांडणी असे. विणकराला ताण्यातला, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या धाग्यांतला, तुटलेला एक धागा शोधून जोडायचा असतो. लोकर पिंजण्या-कातण्यापूर्वी तिला तेल लावत असल्यामुळे खोलीत तेलकट तंतूंचा कचरा उडत असे, तिथे मेणबत्त्या लावून बसणे खर्चाचेही होते आणि धोक्याचेही. म्हणून दिवसाचा उजेड जितका आत घेता येईल तितका घ्यायचा. खोऱ्याच्या तळाशी हिवाळ्यात सूर्य जेमतेम काही तास दिसतो, हे तुम्ही अनुभवत असालच. त्यामुळे माग जितका वर तितका त्याला उजेड अधिक वेळ मिळे. वरच्या खोलीला बहुधा छपराखाली दुसरे सपाट छत नसते, छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्या उघड्याच असतात, म्हणून मागाच्या उंच चौकटीलाही जागा पुरते.

आता ती दगडी पट्ट्यांची रांग. दगडी तुळईला लांबचा गाळा झेपत नाही. लाकूड वाकते, दगड वाकत नाही, तो तुटतो. म्हणून एवढी रुंद खिडकी दगडात करायची असेल तर दर दीड-दोन फुटांवर तुळईला खालून आधार द्यावा लागतो, आणि तो आधार म्हणजेच ही उभी पट्टी. लांब रांगेत मधूनमधून एखादी पट्टी इतरांपेक्षा जाड ठेवलेली असते आणि वरच्या भिंतीचा मोठा भार तिच्यावर येतो. तुमच्याकडे दोन पट्ट्या काढल्या आणि त्यांच्याच वर तडा गेला, यात मला आश्चर्य वाटत नाही. विसाव्या शतकात बाहेरचे दृश्य मोकळे दिसावे म्हणून अशा पट्ट्या कितीतरी घरांत काढल्या गेल्या आहेत आणि त्याची किंमत तुळया आता मोजत आहेत. त्या तुळईमागे, भिंतीच्या आतल्या अंगाला बहुधा एक लाकडी तुळई असते. तिची टोके भिंतीत कुजली आहेत का ते टोचून तपासा. या पट्ट्यांवरून घराचा काळही ढोबळमानाने कळतो. सतराव्या शतकातल्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या साध्या, सपाट चेहऱ्याच्या होत जातात. तुमच्या सपाट असतील तर १८०० च्या आसपासचा अंदाज योग्य आहे.

भिंतीतले दार हे माल घेण्याचे दार आहे. आतला जिना अरुंद आणि वळणाचा असतो. त्यातून लोकरीची पोती, गुंडाळलेला ताणा किंवा मागाचे लांब वासे वर नेता येत नाहीत. म्हणून माल बाहेरून, कधी दगडी पायऱ्यांनी तर कधी दोराने ओढून, थेट वरच्या खोलीत घेत आणि विणलेला तागा त्याच वाटेने खाली येई. पायऱ्या असल्यास नंतर त्या काढल्या गेल्या असतील. भिंतीच्या पायथ्याशी त्यांच्या दगडांच्या खुणा दिसतात का ते पाहा. तागा पुढे कुंदीच्या, म्हणजे कापड ओले करून कुटण्याच्या, गिरणीत जाऊन आटून दाट होऊन येई आणि मग उघड्या रानात लांब लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवला जाई. या चौकटींना टेंटर म्हणत. तुमच्या आसपास एखाद्या गल्लीच्या किंवा शेताच्या नावात टेंटर हा शब्द असेल तर तिथे कापड वाळत असे, हे समजा. विक्रीसाठी हडर्सफील्डमध्ये १७६६ साली कापडाचा बाजार बांधला गेला. तो १९३० साली पाडला. हॅलिफॅक्सचा पीस हॉल मात्र उभा आहे. १ जानेवारी १७७९ रोजी तो सुरू झाला, आणि मोकळ्या चौकाभोवती त्याच्या ३१५ खोल्या आहेत. डोंगरावरचे कापडवाले आपापले तागे घेऊन तिथे येऊन बसत.

आता आपल्या मातोश्रींनी जे ओळखले त्याविषयी. त्या दगडाचे भूशास्त्रातले नावच मिलस्टोन ग्रिट, म्हणजे जात्याचा खरबरीत दगड, असे आहे, कारण त्याची जाती आणि गिरण्यांचे पेड खरोखरच केले जात. हा भरड वाळूचा खडक आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा घट्ट नाही. आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीतच नाही, हा पितो. म्हणून इथल्या गवंड्यांनी दगड किंचित बाहेर कलते बसवण्याची युक्ती काढली. प्रत्येक दगडाचा बाहेरचा भाग आतल्यापेक्षा थोडा खाली असतो, त्यामुळे दोन थरांमधला सांधा बाहेरच्या बाजूला उतरता होतो आणि वाऱ्याबरोबर आपटणारे पाणी सांध्यातून आत शिरण्याऐवजी बाहेर ओघळते. दगड कलता बसला की त्याची वरची कड पुढे येते आणि खालची मागे जाते. आईंच्या बोटांना लागली ती हीच कड. आतली बाजू गिलाव्याने सरळ करून घेतात, म्हणून ओळंबा आतूनच जुळतो.

डोकावणाऱ्या दगडांचे असे आहे की ही भिंत एक नसून दोन भिंती आहेत. बाहेरचा थर घडवलेल्या दगडांचा, आतला ओबडधोबड, आणि मध्ये दगडाच्या कपच्यांची व चुन्या-मातीची भर. हे दोन थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे लांब दगड घालतात, आणि त्यांचीच टोके बाहेर दिसतात. ते कापताना बसणाऱ्या हादऱ्यांनीच सांधे ढिले होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडी घरे का ढासळली याची जी कारणे पुढे आली, त्यांत भिंतींमध्ये असे आरपार दगड नसणे हे एक महत्त्वाचे कारण होते. दोन्ही थर अलग झाले आणि वरच्या धाब्याच्या मातीचा भार खाली आला. नंतर लातूर-उस्मानाबादकडच्या जुन्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतीला आरपार भोक पाडून त्यात गज व काँक्रीट घालण्याची पद्धत वापरली गेली. जे काम तिथे माणसे गेल्यावर करावे लागले, ते तुमच्या गवंड्याने दोनशे वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे.

ओलीविषयी थोडक्यात लिहितो, कारण उपाय साधा आहे, फक्त सावकाश होतो. मागची भिंत मातीला टेकलेली आहे, म्हणजे तिच्यात पाणी येणारच. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून खोलीत येऊन चुलीच्या उबेने आणि हवेच्या खेळत्या झुळुकीने उडून जात असे. सिमेंटने ती वाट बंद झाली, म्हणून पाणी गिलाव्यामागे साठते आणि थंडीनंतर तो फुगतो. रसायनाचे म्हणाल तर ज्या भिंतीच्या पोटात कपच्या आणि पोकळ्या आहेत, तिच्यात भोकातून भरलेले द्रव्य सलग पडदा तयार करू शकत नाही. आधी बाहेरून, डोंगराच्या बाजूला चर खणून खडी व सच्छिद्र नळी घालून पाणी वळवता येते का ते पाहा, पन्हळी व उतरते नळ साफ करा, मग सिमेंट काळजीपूर्वक काढून भिंतीला एक पूर्ण उन्हाळा उघडी राहू द्या आणि शेवटी चुन्याचा गिलावा करा. बाहेरच्या सांध्यांतही सिमेंट भरले असेल तर तेही टप्प्याटप्प्याने काढावे लागेल. सांधा दगडापेक्षा कठीण झाला की पाणी दगडातूनच वाळू लागते आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी सुटतो.

धोटा:

मी येवल्याचा. आमच्या घरात चार पिढ्या पैठणीचे काम चालत आले आहे आणि मी स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षापासून मागावर बसतो. चुनखडी यांचे विवेचन वाचून समाधान वाटले. उजेडाचे त्यांनी लिहिले ते अगदी खरे आहे. पैठणीचा पदर विणताना रंगाच्या सतरा-अठरा कांड्या समोर लोंबत असतात, आणि ढगाळ दिवशी हिरव्या-निळ्यातला फरक ओळखताना डोळ्यांना किती ताण पडतो ते आम्हीच जाणतो. आमच्याकडे म्हणूनच माग दारा-खिडकीच्या शेजारी मांडतात.

पण मला एक गोष्ट खटकली, ती मोकळेपणाने विचारतो. आमचा पारंपरिक माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा खणून विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पायट्या दाबतो. आमचे वाडवडील सांगत की याचा एक फायदा म्हणजे ताणा जमिनीला लागून राहतो आणि जमिनीच्या गारव्याने धागा ठिसूळ होत नाही. चैत्र-वैशाखात हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, तेव्हा आम्ही जमिनीवर पाणी शिंपडतो. सोलापूरकडच्या सुती काम करणाऱ्या नातेवाइकांचाही हाच अनुभव आहे. खळ दिलेला सुती ताणा फार कोरडा झाला की खळच कडक होऊन तडकते. असे असताना या लोकांनी माग सर्वांत वर, छताखाली, जमिनीपासून जास्तीत जास्त दूर का नेला असावा? केवळ उजेडासाठी धाग्याचे नुकसान कोणी पत्करील असे मला, एक विणकर म्हणून, वाटत नाही.

आणखी एक विचारायचे आहे. माग चालतो तेव्हा फणीचा प्रत्येक ठोका जमिनीला बसतो. आमच्याकडे तो ठोका मातीत जिरतो. लाकडी तक्तपोशीवर दोन-तीन माग चालत असतील तर घर हलत असेल. त्याची काही तजवीज या घरांत दिसते का?

कोयरी:

धोटा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, आणि त्याचे उत्तर मला माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, किलबार्कन नावाच्या खेड्यात मिळाले असे वाटते, म्हणून लिहितो.

मी ग्लासगोला राहतो. ग्लासगोच्या पश्चिमेला रेन्फ्रूशायरमध्ये हे खेडे आहे आणि तिथे १७२३ साली बांधलेले एक विणकराचे घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने जतन केले आहे. दाराच्या वरच्या दगडावर ते साल कोरलेले आहे. घर बाहेरून पाहाल तर यॉर्कशायरच्या घरांशी त्याचे काहीच साम्य नाही. ते बसके आहे, खिडक्या लहान आहेत, आणि छताचा भार भिंतींवर पूर्णपणे न टाकता जमिनीजवळून वर जाऊन आढ्यापाशी एकत्र येणाऱ्या वाकड्या लाकडी जोड्यांवर घेतलेला आहे. घर उतारावर असल्यामुळे राहण्याच्या खोल्यांना एका पातळीवरून प्रवेश आहे आणि माग मात्र खालच्या पातळीवरच्या खोलीत आहे. तिथे आजही हातमाग आहे आणि त्यावर विणून दाखवतात.

मी पहिल्यांदा त्या खोलीत उतरलो तेव्हा नाकाला प्रथम मातीचा ओला वास आला. मला वाटले की जुन्या घरात अशी ओल येणारच. पण माग दाखवणाऱ्या बाईंनी सांगितले की ही ओल हवीच होती. किलबार्कनचे विणकर आधी मुख्यतः तागाचे, म्हणजे अळशीच्या धाग्याचे, कापड विणत, आणि तो धागा कोरड्या हवेत फार तुटतो. म्हणून मागाची खोली खाली, मातीच्या जमिनीची, अंगाला गारवा लागेल अशी. धोटा यांच्या वाडवडिलांनी येवल्यात जे सांगितले तेच त्या बाई मला स्कॉटलंडमध्ये सांगत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ऐन भरात, या एका खेड्यात सुमारे ८०० माग होते.

म्हणजे माग घरात कुठे ठेवायचा हे धागा ठरवतो, असे मला वाटू लागले आहे. तागाला आणि कापसाला ओल लागते, म्हणून तो माग जमिनीत. लोकरीला तितकी लागत नाही, म्हणून तो माग उजेडात. चुनखडी यांनी हे बरोबर आहे का ते सांगावे.

विषयाला धरूनच एक सांगतो. किलबार्कनपासून अगदी जवळ पेझली हे गाव आहे. काश्मीरच्या शालींवरचा बुट्टा पाहून तिथल्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात शाली विणल्या आणि त्या इतक्या खपल्या की इंग्रजीत त्या आकृतीला गावाचेच नाव पडले. आपण तिला कोयरी म्हणतो. माझे इथले नाव तिच्यावरूनच घेतले आहे. पेझलीतही विणकरांची जुनी घरे जपलेली आहेत आणि तिथेही मागाची खोली तळमजल्यावरच आहे.

चुनखडी:

धोटा आणि कोयरी यांचे मनापासून आभार. माझ्या पहिल्या उत्तरात मी उजेडावर इतका भर दिला की दुसरी बाजू राहून गेली.

कोयरी यांचा निष्कर्ष मुख्यतः बरोबर आहे. पेनाईन रांग ओलांडून पश्चिमेला लँकेशायरमध्ये गेलात की घरे दगडाचीच, विणकरांचीच, पण पुष्कळ ठिकाणी माग तळघरात किंवा तळमजल्यावर, मातीच्या जमिनीवर आढळतो, कारण तिथे कापूस विणत. अशा घरांत रस्त्याच्या पातळीच्या जरा वर खालच्या खोलीच्या खिडक्यांची लांब रांग दिसते आणि राहण्याच्या खोलीत शिरायला चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात, कारण मागाची खोली तिच्या खाली असते. थोडक्यात, खिडक्यांची रांग वर आहे की खाली, हे रस्त्यावरून पाहूनच आत काय विणले जात असावे याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच समजावा. एका घरात दोन पिढ्यांत धागा बदललेला असू शकतो, आणि काही घरांत वर व खाली दोन्हीकडे माग होते.

लोकरीच्या धाग्याला तेल आणि स्वतःची लवचीकता असल्यामुळे तो कोरड्या हवेला इतका भीत नाही. शिवाय हा डोंगर वर्षभर ओला असतो. वरच्या मजल्यावरची हवाही येवल्याच्या वैशाखासारखी होत नाही. माग वर नेल्यावर विणकराने उजेड मिळवला आणि धाग्याचे फारसे नुकसान सोसले नाही, असे मला वाटते. तिसरे कारण जागेचे. तीव्र उतारावर सपाट जमीन थोडी मिळते, तेव्हा खोली वाढवायची तर वरच वाढते.

हादऱ्यांविषयी विचारलेत ते फार चांगले केलेत, कारण याविषयी क्वचितच कोणी बोलते. या घरांच्या वरच्या मजल्याच्या तुळया घराच्या आकाराच्या मानाने जाड असतात आणि गाळे आखूड ठेवलेले असतात. मागाची चौकट स्वतःच जड लाकडाची, पाचरांनी घट्ट केलेली, आणि ती भिंतीला किंवा वरच्या कैच्यांना तिरक्या आधारांनी जखडत. १७३३ साली जॉन के याने उडता धोटा, म्हणजे दोरीच्या झटक्याने आडवा धागा पलीकडे नेणारा धोटा, काढल्यानंतर रुंद कापडाच्या मागावर दोघांऐवजी एकच माणूस बसू लागला आणि ठोक्यांचा वेग वाढला, म्हणजे हादरेही वाढले असणार. उंबरठा, वरच्या मजल्याच्या तक्तपोशीत आणि कैच्यांवर बुजवलेली भोके किंवा एका रेषेत झिजलेल्या खुणा दिसतात का ते पाहा. त्या दिसल्या तर तिथे रंधा किंवा घासयंत्र फिरवू नका.

उंबरठा:

आपणा तिघांना काय म्हणावे ते सुचत नाही. मी चार प्रश्न विचारले होते आणि घराविषयीची माझी समजूतच बदलली.

शनिवारी आम्ही दोघे वरच्या मजल्यावरचा गालिचा गुंडाळून तक्तपोशी तपासायला बसलो. खिडकीपासून साधारण दीड हातावर, भिंतीला समांतर, चार चौकोनी खुणा आहेत. प्रत्येकीत वेगळ्या लाकडाचा ठोकळा ठोकून बसवलेला आहे. दोन खुणांमधले अंतर सात फूट भरले. त्यांच्या मधल्या जागेत, खिडकीच्या बाजूला, दोन फळ्या इतर फळ्यांपेक्षा इतक्या झिजल्या आहेत की त्यांवर नाणे ठेवले तर ते मध्याकडे घसरते. आम्ही या घरात वर्षभर राहत आहोत, पण त्यावर गालिचा होता. कैचीच्या तिरक्या लाकडावरही एका जागी दोर घासल्यासारखी गुळगुळीत खाच आहे. धोटा, ही झीज पायांची असेल का, आणि सात फूट अंतर कोणत्या मागाचे असू शकेल?

टोकाच्या भिंतीच्या पायथ्याशी गवत काढल्यावर भिंतीत शिरलेले तीन दगड एकावर एक, पायरीच्या अंतराने, मिळाले. म्हणजे पायऱ्या होत्या. वरच्या दोन पट्ट्यांचे काय करावे, हे मात्र कळत नाही. आमचे घर संरक्षित यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे.

धोटा:

पायांची झीज असावी असे वाटते. खड्डा नसलेल्या मागावर विणकर बाकावर बसतो आणि त्याच्या टाचा एकाच जागी टेकतात; आमच्याकडे खड्ड्याच्या काठावर मांडीची झीज होते तशीच ही. दुसरी शक्यता अशी की ती जागा कांड्या भरून देणाऱ्या मुलाची असेल, कारण ते मूल दिवसभर मागाच्या बाजूने ये-जा करते. माझे लहानपण तेच करण्यात गेले. खुणांच्या कोणत्या बाजूला झीज अधिक आहे ते पाहिलेत तर ठरवता येईल: खिडकीच्या आणि खुणांच्या मध्ये असेल तर विणकर खिडकीकडे पाठ करून बसे आणि उजेड त्याच्या खांद्यावरून कापडावर पडे. सात फुटांची चौकट असेल तर माग रुंद कापडाचा, म्हणजे उडत्या धोट्याचा असण्याचा संभव आहे. एवढ्या पन्ह्यातून एका माणसाला हाताने धोटा फेकून पलीकडे झेलता येत नाही.

चुनखडी:

यादीत असलेल्या घरात खिडकीची दगडी पट्टी पुन्हा बसवायची असली तरी स्थानिक नियोजन विभागाची लेखी परवानगी लागते. ती आतल्या बदलांनाही लागू आहे, म्हणून सिमेंटचा गिलावा काढण्यापूर्वीही त्यांच्या जतन अधिकाऱ्यांशी बोलून घ्या. पूर्वीची पट्टी होती तिथे नवीन घालायला बहुधा कोणी आडकाठी करत नाही, कारण खालच्या उंबऱ्याच्या दगडावर जुन्या पट्ट्यांच्या बैठकीच्या खाचा अजून दिसत असतील. त्या खाचांची मापे आणि उरलेल्या पट्ट्यांचा छेद कागदावर उतरवून अर्जाला जोडा. पट्ट्या त्याच जातीच्या ग्रिटच्या, तितक्याच भरड दाण्याच्या घ्या आणि दगडाचे नैसर्गिक थर आडवे राहतील अशा घडवून घ्या. थर उभे ठेवले तर चेहरा काही हिवाळ्यांत सुटतो. काम करताना तडा गेलेल्या तुळईला आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत आणि नवीन पट्टी चुन्यात बसवावी. पट्टी आणि तुळई यांच्यामधला सांधा शेवटी, टेकू काढण्यापूर्वी, घट्ट ठासून भरायचा असतो. तिथे फट राहिली तर पट्टी नुसती शोभेची उभी राहील आणि भार तड्यावरच येत राहील.